नऊ चित्रं, नऊही उभी

स्क्रीनवरची ही नऊ चित्रं बघा, एका टोकाला एकदम बारीक माणूस, दुसऱ्या टोकाला एकदम जाड. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली ही वापरात आणली. विचारायचं एवढंच की तुम्ही यातले कोणते, आणि कोणतं व्हायला आवडेल? दोन उत्तरांमधलं अंतर म्हणजे शरीराबद्दलची नाराजी.

पण नऊही माणसं उभी आहेत.

ज्याच्या स्पायनल कॉर्डला, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला, इजा झालीय आणि जो व्हीलचेअरवर आहे त्यानं बोट कुठं ठेवायचं? पाय वाळलेत, पोटाच्या स्नायूंना जोर नाही म्हणून पोट पुढं आलंय, म्हणजे एकाच अंगात दुसरं चित्र पण आहे आणि सातवं पण. शिवाय लघवीची पिशवी, कमरेखाली स्पर्श कळत नाही, मध्येच पायाला झटके येतात, यातलं काय दिसतं त्या चित्रात?

त्याआधीची, १९५३ ची सेकॉर्ड आणि जुरार्ड या मानसशास्त्रज्ञांची प्रश्नावली मला बरी वाटते, कारण तिथं शरीराचे भाग आणि क्रिया मिळून ४६ गोष्टींना एक ते पाच मार्क द्यायचे असतात. फक्त बेरीज करून थांबू नये. खांद्यांना पाच दिले, पायांना एक दिला, बेरीज मधलीच आली, आणि माणूस हरवला.

म्हणून दिसणं वेगळं आणि शरीराला काय जमतं ते वेगळं विचारायला हवं. कॅनडात हॅमिल्टनच्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत स्पायनल कॉर्डला इजा झालेल्या लोकांकडून नऊ महिने, आठवड्यातून दोनदा व्यायाम करून घेतला, हातानं फिरवायचं पेडल, वजनं वगैरे. २००३ मध्ये रिझल्ट छापून आले, व्यायाम करणारे आपल्या शरीराला जे जमतं त्यावर जास्त समाधानी होते, आणि दुखणं, ताणही त्यांनी कमी सांगितला. नुसती चित्रं दाखवली असती तर हे कुठून कळलं असतं!

आणि हे मोजणं नुसतं मनाच्या समाधानासाठी नाहीये. स्पर्श कळत नाही म्हणून बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा, टाळायला रोज आरसा धरून मागची त्वचा बघावी लागते, आणि ज्याला स्वतःच्या शरीराकडं बघवतच नाही तो आरसा कसा धरणार? माझ्या हातात असतं तर फॉर्मवर पहिला प्रश्न हाच टाकला असता, की आरशात रोज बघता का, आणि बघताना काय वाटतं.