खोक्यावरचे हर्ट्झ आणि डोळ्यांसमोरचे हर्ट्झ

नमस्कार. आज समोर बसलेल्यांत कॉलेजची मुलं-मुली जास्त आहेत आणि काहींबरोबर आई-बाबाही आले आहेत. म्हणून खेळणाऱ्याचा आणि पैसे देणाऱ्याचा प्रश्न एकत्रच घेतो. दहा ते पंधरा हजारांत गेमिंगसाठी चांगला मॉनिटर मिळतो का? मिळतो. फक्त खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा बघून तो निवडू नका.

आधी त्या आकड्याचाच हिशेब मांडू. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे एक चित्र १६.७ मिलिसेकंद डोळ्यांसमोर राहतं. १४४ हर्ट्झला हाच काळ ६.९ मिलिसेकंद, १८० ला ५.६ आणि २४० ला ४.२. आता वजाबाकी करा. ६० वरून १४४ वर गेलात तर एका चित्रामागे जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून १८० वर गेलात तर वाचतात १.४, आणि १८० वरून २४० वर गेलात तर पुन्हा तेवढेच १.४. पहिली उडी नुसता माउसचा बाण फिरवला तरी कळते. पुढच्या उड्या सरावलेल्या हाताला जाणवतात, पण त्यांच्यासाठी मोजावे लागणारे पैसे लहान नसतात. म्हणून माझं सांगणं असं, की १४४ गाठल्यावर हातात उरलेला पैसा आधी पॅनलवर (म्हणजे चित्र दाखवणाऱ्या काचेच्या प्रकारावर) आणि स्टँडवर घाला, हर्ट्झचा विचार त्यानंतर करा.

फरक दिसतो तो का, हेही समजून घ्या. मॉनिटर प्रत्येक चित्र काही काळ जागच्या जागी धरून ठेवतो. आपला डोळा मात्र धावणाऱ्या वस्तूचा पाठलाग करत सरकत असतो. चित्र थांबलेलं आणि डोळा चाललेला, यातून कडा पुसट होतात. वस्तू सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने जात असेल तर ६० हर्ट्झवर १६ पिक्सेलचा पुसटपणा दिसतो, १४४ वर सुमारे ७ आणि २४० वर ४ पिक्सेलचा. पॅनल कितीही चपळ असला तरी एवढा पुसटपणा राहतोच.

आता तुमच्या कॉम्प्युटरकडे वळू. १८० हर्ट्झचा मॉनिटर घेतला आणि ग्राफिक्स कार्ड सेकंदाला ७० चित्रंच काढत असेल, तर नवी चित्रं ७०च मिळणार. खरेदीआधी हे घरी मोजून बघा. विंडोजचं बटण आणि जी एकत्र दाबलं की गेम बार उघडतो, त्यातल्या परफॉर्मन्सच्या चौकटीत एफपीएस, म्हणजे सेकंदाला निघणाऱ्या चित्रांचा आकडा, दिसतो. मोजताना रिकाम्या खोलीत उभं राहून मोजू नका. धूर आहे, चार-पाच खेळाडू आहेत, गोळीबार चालू आहे, अशा क्षणाचा आकडा लिहून घ्या. व्हॅलोरंटसारखा हलका गेम साध्या कार्डावरही शंभरीच्या बराच पुढे जातो, तर मोठ्या खुल्या जगाचे गेम त्याच कार्डाला पन्नाशीत आणतात. तुम्ही रोज काय खेळता, त्यावर निर्णय ठरतो.

याच ठिकाणी रिझोल्यूशनचा, म्हणजे पडद्यावर किती पिक्सेल आहेत याचा, प्रश्न येतो. १९२० गुणिले १०८० (१०८०पी) म्हणजे २०.७ लाख पिक्सेल, आणि २५६० गुणिले १४४० (१४४०पी) म्हणजे ३६.९ लाख. कार्डाला पावणेदोन पटीहून जास्त काम. कार्ड मध्यम असेल तर १०८०पी घ्या आणि आकार २४ इंचांवर थांबवा. २४ इंचांत एका इंचाला सुमारे ९२ पिक्सेल बसतात. तेच १०८०पी २७ इंचांवर ताणलं की ८२ उरतात. गेममध्ये ते चालून जातं, पण त्याच पडद्यावर कोड लिहायचा, पीडीएफ वाचायची, तर अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसतात. २७ इंच हवाच असेल तर १४४०पी घ्या, आणि कार्डासाठीही पैसे बाजूला काढलेले असू द्यात.

पुण्यातल्या पीजीत आणि भाड्याच्या खोल्यांत टेबलं अरुंद असतात. बऱ्याच स्वस्त मॉनिटरांच्या स्टँडला इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन पाय असतात आणि ते टेबलाची वीतभर खोली खातात. पडदा नाकाशी येतो आणि कीबोर्ड टेबलाच्या काठावर. खरेदीआधी टेप घेऊन टेबल मोजा. मॉनिटरच्या पाठीवर १०० गुणिले १०० मिलिमीटरची चार भोकं आहेत का, तेही बघा. ती असली की पुढे कधीही आर्म, म्हणजे टेबलाच्या काठाला घट्ट बसणारा धारक हात, लावता येतो. टेबल भुश्याच्या फळीचं असेल तर आर्मच्या क्लॅम्पखाली आणि वर जाड पट्टी ठेवा, नाहीतर फळी दबते आणि काही महिन्यांत आर्म कलतो.

पॅनलवर थोडं थांबू, कारण सर्वांत जास्त निराशा इथेच होते. या किमतीत आयपीएस आणि व्हीए असे दोन प्रकार भेटतात. टीएन आता कमी दिसतो. तो चपळ असतो, पण बाजूने पाहिलं की रंग उडतात. व्हीएचा कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्यापेक्षा किती पट उजळ) साधारण ३०००:१, आयपीएसचा १०००:१. रात्री दिवे मालवून सिनेमा बघणाऱ्याला व्हीएचा काळा रंग खरोखर काळा दिसतो. त्याची किंमत मात्र हालचालीत मोजावी लागते. गेममधलं अंधारं भुयार डोळ्यांसमोर आणा. काळ्या पार्श्वभूमीवर गडद करडा खांब आहे आणि तुम्ही झटकन मान वळवता. खांबाच्या मागे शाई सांडल्यासारखा काळा ओघळ येतो. काळ्यापासून गडद करड्यापर्यंत जायला स्वस्त व्हीएच्या पिक्सेलला २०-३० मिलिसेकंदही लागतात, आणि १८० हर्ट्झवर तेवढ्या वेळात चार-पाच चित्रं येऊन गेलेली असतात. म्हणजे जिथे शत्रू लपलेला असतो, नेमक्या त्या अंधारात मॉनिटर मागे पडतो. स्वस्तातले वक्र मॉनिटर बहुतेक व्हीएच असतात, हे लक्षात ठेवा. आयपीएसची खोट वेगळी आहे: अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी वाटतो आणि कोपऱ्यांत चकाकी येते. वेगवान गेम खेळणाऱ्याने ती सोसावी आणि आयपीएसच घ्यावा.

खोक्यावर ‘१ मिलिसेकंद’ लिहिलेलं असतं. त्यापुढची अक्षरं वाचा. जीटीजी (एका करड्या छटेतून दुसरीत जायला लागणारा वेळ) लिहिलं असेल तर तो बहुधा सर्वांत सोयीच्या बदलाचा, ओव्हरड्राइव्ह कमाल ठेवून घेतलेला आकडा असतो. एमपीआरटी (हलतं चित्र डोळ्यांसमोर राहण्याचा काळ) लिहिलं असेल तर तो बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, लुकलुकवून मिळवलेला असतो. त्याने प्रकाश कमी होतो आणि बहुतेक मॉनिटरांवर हे लुकलुकवणं फ्रीसिंकबरोबर (पडद्याचा वेग कार्डाच्या वेगाशी जुळवणारी एएमडीची सोय) चालत नाही. ओव्हरड्राइव्ह म्हणजे पिक्सेलला जोराचा धक्का देऊन लवकर रंग बदलायला लावणं. धक्का जास्त झाला की पिक्सेल ठरलेल्या रंगाच्या पुढे जाऊन परत येतो आणि वस्तूमागे फिकट झालर दिसते. म्हणून मॉनिटरच्या मेनूत सर्वांत वरची पायरी निवडू नका, मधली ठेवा. एफपीएस नेहमी कमी राहत असेल तर आणखी एक पायरी खाली या.

एचडीआरबद्दल (जास्त उजळ आणि जास्त गडद भाग एकत्र दाखवण्याची सोय) एकच वाक्य: २५० ते ४०० निट्स (उजेडाचं माप) इतक्याच उजेडाच्या पडद्यावर त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

फ्रीसिंक मात्र हवंच. कार्डाचा आणि पडद्याचा वेग जुळला नाही की चित्र मधोमध फाटल्यासारखं दिसतं. फ्रीसिंकमध्ये पडदा कार्डाच्या वेगाने चालतो, पण ठरावीक पट्ट्यात, उदाहरणार्थ ४८ ते १४४. एफपीएस ४० वर घसरला तर तेच चित्र दोनदा दाखवून पडदा ८० वर चालवता येतो. त्यासाठी पट्ट्याचं वरचं टोक खालच्या टोकाच्या किमान दुप्पट लागतं. कंपनीच्या माहितीपत्रकात हा पट्टा शोधा. एनव्हीडियाचं कार्ड असलं तरी चालतं. जानेवारी २०१९ पासूनच्या ड्रायव्हरमध्ये १० मालिकेच्या कार्डांपासून पुढे ही सोय आली, पण ती मुख्यतः डिस्प्लेपोर्टवरून (एचडीएमआयसारखंच चित्र नेणारं दुसरं पोर्ट). म्हणून नुसता एचडीएमआय असलेला मॉनिटर एनव्हीडिया कार्डवाल्याने टाळावा. गेममध्ये एफपीएसची मर्यादा मॉनिटरच्या हर्ट्झपेक्षा तीन-चारने कमी ठेवा, म्हणजे पट्टा ओलांडला जात नाही.

केबलपाशी अनेकांचे पैसे पाण्यात जातात. एचडीएमआयची १.४ ही आवृत्ती १०८०पीला बहुधा १२० हर्ट्झपर्यंतच नेते. २.० ही आवृत्ती १०८०पीला २४० आणि १४४०पीला १४४ पर्यंत पोचवते. जुन्या लॅपटॉपचा पोर्ट १.४ चा असेल तर १८० हर्ट्झचा मॉनिटर लावूनही १८० मिळणार नाहीत. टाइप-सी भोक दिसतं म्हणून त्यातून चित्र येईलच असं नाही. काही फक्त चार्जिंग आणि डेटापुरती असतात. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल उलट्या दिशेने चालत नाही. पुण्यातल्या तापकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) केबल घ्यायला गेलात तर दोन मीटरच्या आत घ्या. पडदा मधूनच सेकंदभर काळा होत असेल तर मॉनिटरला दोष देण्याआधी केबल बदलून बघा. काही हलक्या डिस्प्लेपोर्ट केबलींत विसावी पिन जोडलेली असते. मॉनिटरची वीज त्यातून कार्डात उलटी शिरते आणि कॉम्प्युटर सुरू व्हायला अडतो.

दुकानातून घेताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी तोच विचारतात. किती डेड पिक्सेल असले तर कंपनी बदलून देते, दुरुस्तीला मॉनिटर आपण न्यायचा की माणूस घरी येतो, हे पैसे देण्याआधी विचारा. घरी नेताना खोकं उभं ठेवा. दुचाकीच्या पायापाशी आडवं टाकून त्यावर पाय ठेवलात, तर एका खड्ड्यात पॅनलला तडा जातो. शक्यतो रिक्षा करा. बाहेर काढताना पडद्यावर बोटं दाबू नका, चौकटीला धरा. सील तोडण्यापासून पहिल्यांदा सुरू करेपर्यंतचा व्हिडिओ काढा. मग खोलीत अंधार करून काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण रंग एकेक करून लावा. काळ्यावर कडेने येणारा उजेड दिसतो, बाकीच्यांवर अडकलेले पिक्सेल. परत करण्याची मुदत संपेपर्यंत खोकं आणि थर्माकोल टाकू नका.

गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाण्याची पुण्यात सवय आहे. यूपीएसला फक्त कॉम्प्युटर जोडला तर तो चालू राहतो, पण समोर अंधार होतो आणि काम सेव्ह करता येत नाही. मॉनिटरही त्यावरच घ्या. २४ इंची मॉनिटरचा भार साधारण २५-३० वॅट असतो.

शेवटचं काम जोडणीचं. केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात लावा, मदरबोर्डच्या नाही. विंडोज नव्या मॉनिटरलाही अनेकदा ६० हर्ट्झवरच चालवतं आणि कित्येक जण महिनोन्‌महिने तसेच खेळत राहतात. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. दोन मॉनिटर असतील तर वरच्या यादीतून योग्य तो निवडा आणि रिफ्रेश रेटमध्ये सर्वांत मोठा आकडा घ्या. मोठा आकडा तिथे दिसतच नसेल तर केबल, पोर्ट आणि रिझोल्यूशन या क्रमाने तपासा. मॉनिटरच्या मेनूत फ्रीसिंक बहुधा बंद असतं, ते चालू करा. मग गेम उघडून त्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये फुलस्क्रीनसमोरचा हर्ट्झचा आकडा बघा, कारण काही गेम स्वतःचा जुना ६० धरून बसलेले असतात.