हात काढला तरी तिथेच

हे जे टेबलावर ओळीने मांडलेलं दिसतंय ना, पुठ्ठ्याचं, प्लायवूडचं, मग पांढऱ्या प्लॅस्टिकचं, करड्या प्लॅस्टिकचं आणि शेवटी लोखंडी पायाचं, ही सगळी एकाच स्टँडची रूपं आहेत. एकूण सात. काम एकच, टॅबलेट किंवा ई-रीडर हव्या त्या उंचीवर, हव्या त्या कोनात धरायचा आणि आपण हात काढला की तो तिथेच राहिला पाहिजे. या शेवटच्या अर्ध्या वाक्यावर सातपैकी पाच रूपं अडकली, म्हणून हा व्हिडिओ जास्त करून त्या अर्ध्या वाक्याबद्दलच आहे.

सुरुवात आईमुळे झाली. तिला वाचनाचं वेड, आणि दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी सांधेदुखी. आता ई-रीडर काही जड नसतो, 2021 चा किंडल पेपरव्हाइट साधारण 205 ग्रॅम भरतो, पण चिमटीत धरलेल्या वस्तूचं कसंय की अंगठ्याच्या टोकाला आपण जेवढा दाब देतो त्याच्या कितीतरी पट जोर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर येतो, आणि वाचताना तो सलग तासभर येत राहतो. आई अर्धं प्रकरण वाचून हात झटकायची, परत धरायची, परत झटकायची. मग मांडीवर उशी, उशीवर ई-रीडर, आणि मान पार खाली.

मानेचंही सांगतो. डोक्याचं वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो. केनेथ हंसराज या मणक्याच्या सर्जननी 2014 मध्ये एक हिशोब मांडला होता, मान 15 अंश पुढे झुकली की मानेच्या मणक्यावर साधारण 12 किलोएवढा भार येतो, 30 अंशाला 18 किलो आणि 60 अंशाला 27 किलो. तो कॉम्प्युटर मॉडेलवरचा हिशोब आहे, कुणाच्या मानेवर प्रत्यक्ष मोजलेला नाही, त्यामुळे आकड्याला फार चिकटून बसू नका. पण मांडीवर पुस्तक ठेवून ज्याने अख्खी दुपार काढलीय त्याला यातली गोष्ट लगेच पटेल.

पुस्तक हाताऐवजी दुसऱ्या कशाने तरी धरावं ही धडपड खूप जुनी आहे. अगोस्तिनो रामेल्ली या इटालियन इंजिनियरने 1588 मध्ये छापलेल्या आपल्या यंत्रांच्या ग्रंथात पुस्तकांचं एक मोठं चाक दाखवलंय, आकाशपाळण्यासारखं, ते फिरवलं तरी त्यावरची प्रत्येक फळी आपल्या त्याच कोनात तिरकी राहते, आणि तेवढ्यासाठी त्याने आत दातेरी चाकांचा संच बसवलाय. मी ते चित्र पाहताना पुस्तकांकडे बघतच नाही, त्या दातेरी चाकांकडे बघत राहतो, कारण कोन हलता कामा नये ही अडचण त्याचीही होती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या थॉमस जेफरसनच्या माँटिसेलोच्या घरातला फिरता स्टँड एका वेळी पाच पुस्तकं उघडी धरायचा. पण या दोघांनाही एका गोष्टीची काळजी नव्हती. कागदाच्या पुस्तकाला कुणी टॅप करत नाही. स्क्रीनला करावं लागतं, दर मिनिटा-दोन मिनिटांनी, आणि प्रत्येक टॅप म्हणजे स्टँडला दिलेला एक छोटा धक्का.

पहिलं रूप हे पुठ्ठ्याचं. कटर, पट्टी, हॉट ग्लू, बस. कुणी असं काही करणार असेल तर प्लीज पुठ्ठ्यापासूनच सुरू करा, कारण पुठ्ठा कापून टाकायला जीव खालीवर होत नाही आणि माणूस प्रत्यक्ष समोर बसल्याशिवाय काही कळत नाही. आई बसली आणि पहिलंच वाक्य, "इतकं समोर नको रे, थोडं खाली घे." मी स्क्रीन अगदी डोळ्यांच्या रेषेत आणली होती, मानेचा विचार करून. पण जवळचं वाचताना नजर थोडी खाली असली की डोळ्यांना बरं वाटतं, तिला 40-45 सेंटिमीटरवर आणि नजरेच्या जराशी खाली स्क्रीन हवी होती. टेबलापासून मोजलं तर वाचायचा कोन 60 ते 70 अंश आला. आणि टॅबलेटवर लिहायचं किंवा चित्र काढायचं असेल तर? मग तोच कोन 15-20 अंशांवर आणावा लागतो, उभ्या स्क्रीनवर हात अधांतरी धरून थोडा वेळ जरी लिहिलं तरी खांदा भरून येतो. म्हणजे एकाच स्टँडने जवळपास झोपायचंही आणि उभंही राहायचं.

उजेडाचा भाग मी आधी धरलाच नव्हता. ई-रीडरचा पडदा, म्हणजे ई-इंक, कागदासारखा, पडलेला उजेड परत पाठवून दिसतो, त्यामुळे त्याला दिव्याकडे तोंड केलेलं चालतं. टॅबलेटची काच मात्र आरसा असते. आणि आरशाचा नियम असा की तुम्ही तो 10 अंश कलवलात तर प्रतिबिंब 20 अंश सरकतं, म्हणजे छतावरचा दिवा स्क्रीनमधून घालवायला बहुतेक वेळा अगदी थोडा कोन बदलला तरी पुरतो. फक्त तो थोडाच बदलता आला पाहिजे. प्लायवूडच्या रूपात मी खाचा केल्या होत्या, पाच खाचा, त्यात टेकू अडकवायचा, घट्ट बसायचा, हलायचा नाही. पण एका खाचेत दिवा चमकायचा आणि पुढच्या खाचेत अक्षरं तिरकी व्हायची, नेमका हवा तो कोन दोन खाचांच्या मधे. मजबूतपणात खाचेला तोड नाही, हे मी आजही म्हणेन, पण वाचणाऱ्या माणसाला मधलं काहीतरी हवं असतं.

अजून एक छोटी गोष्ट, ज्यात माझा एक पूर्ण दिवस गेला. पेपरव्हाइटचं पॉवर बटण खालच्या कडेला असतं आणि चार्जिंगचं भोकही तिथेच. मी खाली आडवी सलग पट्टी दिली होती, ई-रीडर ठेवला की स्वतःच्याच वजनाने बटण दाबलं जायचं आणि स्क्रीन बंद. आईला वाटलं बॅटरी गेली. आता इथे बघा, सलग पट्टी काढून दोन बाजूंना दोन बुटके टेकू दिलेत, मधली जागा मोकळी, केबल खालून सरळ जाते. लोहचुंबक लावून चिकटवायचा विचारही सोडून दिला, कारण कव्हर मिटलं की झोपायचं हे बऱ्याच ई-रीडरना आणि टॅबलेटना चुंबकाच्या सेन्सरवरूनच कळतं, चुंबक चुकीच्या जागी आला की ते उघडेच असताना झोपी जातात.

आता बिजागरी.

माझ्या डोक्यात आधी स्प्रिंग होती. टेबल लॅम्पचा तो प्रसिद्ध हात असतो ना, अँगलपॉइज, जॉर्ज कार्वर्डाइन या इंजिनियरने 1932 मध्ये काढलेला, तो मुळात गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करणारा माणूस, स्प्रिंगने वजन असं तोललंय की दिवा जिथे सोडाल तिथे थांबतो. फार देखणं काम आहे, मी तासन् तास त्याची नक्कल करण्यात घालवले. पण दिव्याचं वजन कधी बदलत नाही. 2010 चा पहिला आयपॅड होता 680 ग्रॅमचा, आणि आईचा ई-रीडर 205 ग्रॅमचा, तिपटीहून जास्त फरक. स्प्रिंग आयपॅडला तोलेल अशी बसवली की ई-रीडर ठेवल्यावर हात आपोआप वर जातो, आणि ई-रीडरला बसवली की आयपॅड खाली येतो. मग राहिलं घर्षण. घर्षणाचं चांगलं हे की एका ठरावीक मर्यादेपर्यंत समोर जेवढा जोर येईल तेवढाच ते परत लावतं, 205 आला तर 205 चा, 680 आला तर 680 चा.

पण ती मर्यादा किती ठेवायची? इथे कागदावर या. टॅबलेटचा मध्य बिजागरीपासून 12 सेंटिमीटर धरू. 60 अंशांवर तो मध्य बिजागरीच्या फक्त 6 सेंटिमीटर मागे असतो, म्हणजे 680 गुणिले 6, साधारण 4080 ग्रॅम-सेंटिमीटरचा पीळ, म्हणजे बिजागरीला फिरवू पाहणारा जोर. तोच टॅबलेट 20 अंशांपर्यंत झोपवला की अंतर 11 सेंटिमीटरच्या वर जातं आणि पीळ जवळजवळ दुप्पट होतो. आणि नेमकं याच कोनात माणूस लिहिताना मनगट टेकवतो! म्हणजे वाचताना छान थांबणारी बिजागरी लिहायला घेतलं की हळूहळू बसत जाणार, आणि ती मनगटालाही पुरेल एवढी आवळली तर आईच्या अंगठ्याला ती हलवताच येणार नाही, मग हा सगळा खटाटोप कशासाठी.

याच्यावरचं उत्तर मला उशिरा सुचलं, आणि ते बिजागरीत नव्हतंच. सगळ्यात खालच्या कोनात घर्षणावर विसंबायचंच नाही. तिथे टॅबलेट धरणारी चौकट थेट पायातल्या ठोकळ्यावर येऊन टेकते, लाकडावर लाकूड, हवं तेवढं मनगट दाबा. घर्षणाने फक्त वाचायचे कोन सांभाळायचे. या एका बदलाने बिजागरी अर्धी हलकी झाली.

तरी पकड पुरत नव्हती. साधा एम-5, म्हणजे 5 मिलिमीटर जाडीचा बोल्ट, दोन बाजूंना वायसर, आवळत गेलो की प्लॅस्टिक दबायचं. इथे माझी समजूतच चुकीची होती, मला वाटायचं पकड हवी तर आवळा. खरं तर पकड अजून दोन प्रकारे वाढते, घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या वाढवून आणि चकतीचा व्यास वाढवून. एका जोडीऐवजी सहा जोड्या घासल्या तर बोल्टचा दाब तोच ठेवून पकड सहापट. म्हणून आता आत अशा पातळ चकत्या आहेत, एक या बाजूला अडकलेली, पुढची त्या बाजूला, परत या बाजूला, पत्त्यांचे दोन गठ्ठे एकमेकांत घुसवावेत तशा. आणि व्यास 20 मिलिमीटरवरून 40 केला, त्याने अजून दुप्पट.

मग आला झटका. कोरड्या स्टीलवर स्टील घासलं की थांबलेलं हलवायला जास्त जोर लागतो आणि एकदा हललं की कमी, त्यामुळे तुम्ही हळूच ढकलता, ढकलता, काही होत नाही, आणि एकदम खाड्कन पुढे जातं. ज्याचे सांधे दुखतात त्याच्यासाठी हे फार वाईट. टेफ्लॉनसारख्या प्लॅस्टिकमध्ये हा फरक अगदी कमी असतो, पण त्याची पकडच मुळात कमी, म्हणून चकत्या वाढवल्या आणि स्टीलच्या प्रत्येक दोन चकत्यांमध्ये एक टेफ्लॉनची घातली. आता ऐका... काही ऐकू येत नाही ना? हेच हवं होतं.

आता हे पांढरं प्लॅस्टिकचं रूप, यात हे सगळं होतं आणि तरी ते खाली आलं. पीएलए, म्हणजे थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरतात ते एक प्लॅस्टिक. पहिल्या रात्री टॅबलेट लावून ठेवला, बिजागरीच्या दोन्ही भागांवरून मिळून पेन्सिलीने एक सरळ रेघ मारली आणि झोपलो. सकाळी रेघ तुटलेली, दोन टोकं एकमेकांपासून दोन मिलिमीटर सरकलेली. परत आवळलं, परत रेघ, दुसऱ्या दिवशी परत तेच. कारण असं की पीएलए सतत दाबाखाली असलं की संथपणे वाहतं म्हणा ना, आकार सोडत जातं, बोल्टखालचं प्लॅस्टिक कणाकणाने बसतं आणि बोल्टचा ताण निघून जातो. त्यात ते 60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊच पडतं, उन्हात बंद गाडीत ठेवायची सोय नाही. पीईटीजी या दुसऱ्या प्लॅस्टिकने, म्हणजे या करड्याने, जरा बरं झालं, पण रेघ सरकायची ती सरकलीच. शेवटी बोल्टचा दाब प्लॅस्टिकवर येऊच दिला नाही, तो आता स्टीलच्या नळीतून स्टीलच्या चकत्यांवर जातो, आणि नटाखाली शंकूसारखी वाकलेली स्प्रिंग वायसर आहे, ज्युलियन बेलव्हिलने 1867 मध्ये पेटंट घेतलेली ती. चकत्या थोड्या झिजल्या तरी ती दाब टिकवून धरते. नट नायलॉनवाला, म्हणजे वरखाली करून तो सुटत नाही.

पायाचं पटकन सांगतो. टॅप मागच्या दिशेने ढकलतो, म्हणून स्टँड पुढे नाही, मागे कलंडतो. टॅबलेट आणि प्लॅस्टिकचा स्टँड मिळून एक किलो, त्याचा भारमध्य मागच्या कडेपासून 4 सेंटिमीटरवर, म्हणजे सावरायला 4000 ग्रॅम-सेंटिमीटर. आणि 25 सेंटिमीटर उंचीवर 200 ग्रॅमचा टॅप म्हणजे 5000. टॅप क्षणभराचा असतो म्हणून प्रत्येक वेळी पडत नव्हतं, पण पुढची कड उचलली जायची आणि टक् करून परत बसायची, प्रत्येक पानाला टक्. मग 150 बाय 120 मिलिमीटरची, 4 मिलिमीटर जाड लोखंडी प्लेट घातली, ती एकटीच साधारण 565 ग्रॅम, आणि पाया मागे लांबवला. तीन पाय दिले तर कधीच डुगडुगत नाही हे खरं, पण स्क्रीनच्या कोपऱ्यात टॅप केलं की तीन पायांवरचा स्टँड कलतो, म्हणून चार पाय आणि खाली मऊ रबर. स्टँडच्या हाताची, म्हणजे स्क्रीन वर धरणाऱ्या दांड्याची, जाडी 4 वरून 8 मिलिमीटर केली, जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो, स्क्रीनचं थरथरणं तिथेच संपलं.

पडल्या पडल्या वाचायचा स्टँड मात्र मी यात कोंबला नाही. तिथे स्क्रीन तोंडावर लटकलेली असते, बिजागरी सुटली तर ती चेहऱ्यावर येणार, त्याला वेगळा दोर, वेगळी पकड, सगळाच वेगळा विचार लागतो आणि तो अर्धवट करायची गोष्ट नाही.

हे सातवं रूप. आज त्याला 41 दिवस झाले. सकाळी आई तो एका बोटाने वर घेते, रात्री त्याच बोटाने खाली ढकलते, पहिल्या दिवशी मारलेल्या रेघेच्या शेजारी आता वाचायच्या कोनासाठी दुसरी रेघ आहे, ती तिने स्वतः मारलीय. कॅमेरा जरा जवळ नेतो. ती वाचतेय, टॅप, पान उलटलं, परत टॅप. रेघेकडे बघा.