बोटीला भोकं किती?

(दृश्य: दिवाळे जेट्टी, जुलै. ओहोटी लागलेली, बोटी चिखलात टेकलेल्या. बारीक पाऊस.)

बोटीला भोकं असतात म्हटलं की शहरातला माणूस दचकतो. कोळीवाड्यातला माणूस शांतपणे विचारतो, कुठलं भोक म्हणताय?

हे बेलापूरजवळचं दिवाळे. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि मग नवी मुंबईचे नकाशे निघाले. या काठाला होड्या लागत होत्या त्या त्याच्या कितीतरी आधीपासून. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. या ६१ दिवसांत जाळी दुरुस्त होतात, इंजिनं खोलली जातात, रंग काढला जातो. एरवी पाण्याखाली असणारं बोटीचं अंग याच दिवसांत उघडं दिसतं. म्हणून आम्ही ऐन पावसात, गुडघाभर चिखलात आलोय.

ही बोट जुनी आहे. मूळची लाकडी, वरून फायबरचं कवच चढवलेली. लांबी साधारण ३० फूट. तिच्याभोवती फिरून आम्ही भोकं मोजली. डेकच्या कडेला दोन्ही बाजूंना तीन-तीन. उपसा पंपाचं एक. इंजिन थंड करायला खाडीचं पाणी आत घेणारं एक. तेच पाणी धुराबरोबर बाहेर टाकणारं एक. पंख्याचा दांडा जातो ते एक. तळाच्या बुचाचं एक. झाली अकरा. आणखी दोन सापडली, ती कशाची हे मालकांनाही पटकन आठवेना. मग आठवलं. आधीच्या इंजिनाची. इंजिन विकलं, भोकं राहिली. आतून लाकडाचा ठोकळा मारून वर लांबी (पुट्टी) भरलेली.

तेरा.

(दृश्य: डेक. कठड्याच्या बुडाशी गोल छिद्र, त्यातून गळणारं पावसाचं पाणी.)

आधी वरची सहा बघू. लाट डेकवर येते, जाळं ओढताना पाणी येतं, मासळी धुताना येतं, पाऊस तर असतोच. ते सगळं याच भोकांतून परत खाडीत जायचं. मोठ्या जहाजावर यांना स्कपर म्हणतात. इथे कुणाला त्या नावाची गरज पडलेली नाही.

या बोटीचं मोकळं डेक धरा ६ मीटर लांब, अडीच मीटर रुंद. त्यावर १० सेंटिमीटर पाणी साचलं, म्हणजे जेमतेम घोटा बुडेल इतकं, तर ते झालं १,५०० लिटर. दीड टन. पण नुसत्या वजनाची भीती नाही. दीड टन बर्फ खणात भरला तर बोट बसते, पण सरळ बसते. हे पाणी मोकळं असतं. परातीत पाणी घेऊन चालून बघा. परात जराशी कलली की सगळं पाणी त्याच अंगाला धावतं आणि परात आणखी कलते. बोट डावीकडे झुकली की दीड टन डावीकडे. सावरायला जावं तर पाणी तुमच्या आधी पलीकडे पोचलेलं. म्हणून डेकवरचं पाणी पुढच्या लाटेच्या आत उतरलं पाहिजे.

भोकाचा व्यास दुप्पट केला की वाट चौपट होते. एका इंचाची चार भोकं आणि दोन इंचांचं एक, हिशेबाने सारखीच. पण एक इंचाच्या भोकात एक बांगड्याचं डोकं पुरतं. त्यात आपली माणसं काय करतात, तर जवळा-कोळंबी वाहून जाऊ नये म्हणून भोकात जुन्या जाळ्याचा बोळा कोंबतात. त्या दिवसापुरता तो शहाणपणा असतो. बोळा काढायचा राहतो, त्यावर खवले बसतात, डिझेलचं मेण बसतं, आणि महिन्याभरात तिथे भोक होतं हेच विसरलं जातं. त्यापेक्षा आतल्या बाजूने उचलून काढता येईल अशी मोठ्या छिद्रांची जाळी बरी.

जुन्या बोटीची आणखी एक गोची आहे, ती सहज लक्षात येत नाही. बोट बांधणाऱ्या मिस्त्रीने ही भोकं डेकच्या सगळ्यात खोलगट जागी ठेवलेली असतात. पुढे मालक मोठं इंजिन बसवतो, मागे केबिन चढवतो, बर्फाचा खण वाढवतो. बोट मागून बसते. खोलगट जागा दोन-तीन फूट मागे सरकते. भोकं मात्र जिथल्या तिथे, उंचावर कोरडी. डेकच्या मागच्या कोपऱ्यात कायम डबकं, आणि त्या डबक्याखालचं लाकूड हळूहळू कुजत जातं.

(दृश्य: खणाच्या आतून. टॉर्चच्या उजेडात काळा रबरी पाइप.)

काही बोटींत पाणी कठड्यातून सरळ बाहेर जात नाही. डेकमधून पाइप खाली उतरतो आणि बोटीच्या कुशीतून बाहेर निघतो. तो पाइप बर्फाच्या खणामागे, कुणाच्या नजरेला न पडता वर्षानुवर्षं असतो. रबर कडक होतं, तडकतं. मग डेकवरचं पाणी बाहेर न जाता बोटीच्या पोटात उतरतं. पंप ते उपसत राहतो, त्यामुळे कळतही नाही. बॅटरी बसली की कळतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा पाऊस या डेकवर पडला असता तर १४ हजार लिटरहून जास्त पाणी. सहा भोकं वाहती असतील तर हा नुसता आवाज. तुंबलेली असतील तर चौदा टन.

(दृश्य: बोटीचा तळ. कालवांचा थर खरवडणारा हात.)

आता खालची. पाण्याखालची भोकं.

वादळात बोट बुडाली तर बातमी होते. धक्क्याला बांधलेली बोट रात्रीत बसली तर होत नाही. सकाळी फक्त डोलकाठी दिसते. अशा वेळी एक जुने तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, एवढंच म्हणाले होते, “पानी वरशी नाय, खालशी आयलाय.”

इंजिनाला पाणी देणारं एक इंचाचं भोक पाण्याच्या दोन फूट खाली असेल आणि त्यावरचा पाइप निसटला, तर मिनिटाला जवळपास ६० लिटर पाणी आत येतं. चार बादल्या. झोपलेला नसेल असा तगडा माणूस ते काही वेळ उपसेल. रात्री बोटीवर कोण असतो? आणि खरा खेळ पुढे आहे. बोट जसजशी बसते, तसतशी वरची भोकं पाण्याला टेकतात. आधी पंपाचं, मग डेकची. जी पाणी बाहेर काढायला ठेवली, तीच आता आत घेतात. भोकाला आत-बाहेर कळत नाही, पाण्याची पातळी कुठे आहे एवढंच कळतं.

म्हणून पाण्याखालच्या प्रत्येक पाइपाला भोकापाशीच कॉक हवा. आणि इथे मला राहवत नाही म्हणून सांगतो: घरच्या नळाचं सामान बोटीला लावू नका. हार्डवेअरच्या दुकानातला चाकाचा पितळी व्हॉल्व स्वस्त मिळतो. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त विरघळून जातं आणि उरतो तांब्याचा भुसभुशीत सांगाडा. बाहेरून आकार तोच, रंगाखाली काही दिसत नाही. टोकदार खिळ्याने खरवडा. पिवळा चमकला तर ठीक. गुलाबी दिसला तर तो व्हॉल्व हाताने मोडेल. गनमेटल, म्हणजे तांबं आणि कथलाचा मिश्रधातू, महाग आहे खरं, पण टिकतं. दांडीचा कॉक घेतला तर आणखी एक सोय: दांडी पाइपाच्या रेषेत म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद. अंधारात, कमरेएवढ्या पाण्यात, हाताला कळतं. चाक कितीही फिरवा, उघडं की बंद सांगत नाही.

तळाला जस्ताची पट्टी असते. तिने झिजायचं आणि बाकीच्या धातूंना वाचवायचं. ही पट्टी झिजलेली दिसली तर खुशाल समाधान माना. दोन हंगाम जशीच्या तशी असेल तर ती धातूला नीट जोडलेलीच नाही, किंवा रंगवणाऱ्या पोरांनी तिच्यावरही ब्रश फिरवलाय. हे दर वर्षी होतं.

आपल्या खाडीचा स्वतःचा त्रास वेगळाच. ओहोटीला बोट चिखलात बसते तेव्हा पाणी घेणाऱ्या भोकात गाळ भरतो. भरतीला इंजिन सुरू केलं की तो गाळ थेट पंपाच्या रबरी पंख्यात. आणि प्लॅस्टिक. पिशवी तोंडावर चिकटली की इंजिन तापतं, आणि माणूस घाईत पाइप उपटून फुंकर मारायला जातो. कॉक आधी बंद करायचा असतो, हे घाईत कुणाला आठवतं.

उपसा पंपाचा पाइपही असाच. बाहेरचं तोंड पाण्याच्या वर असलं तरी मासळी भरल्यावर ते खाली जातं, आणि पंप थांबल्यावर पाणी उलटं आत यायला लागतं. पाइप आधी डेकच्या खालच्या बाजूपर्यंत उंच न्यावा, तिथे हवेला वाट ठेवावी, मग तोंडाकडे उतरवावा.

फायबरखालच्या लाकडाचं काय? नव्या भोकाची कड बंद केली नाही तर त्या कडेतून पाणी लाकडात शिरतं आणि बाहेरून कवच गुळगुळीतच दिसतं. भोकाभोवती टोचा मारून बघायचं. आमच्यासमोर तो तेराव्या भोकापाशी बोटभर आत गेला. मालक काही बोलले नाहीत. ठोकळा काढला, कुजकं लाकूड खरवडायला घेतलं.

(दृश्य: संध्याकाळ. भरती चढतेय. डेकवर बादली.)

शेवटी एक साधी परीक्षा. डेकवर दहा बादल्या पाणी ओतलं आणि दोन पोरं चिखलात उभी राहिली, एकेका बाजूला एक. पाच भोकं वाहू लागली. सहावं नाही. तारेचा आकडा घातला, ओढला. आधी हिरवा दोरा आला, मग जाळ्याचा बोळा, मग खवल्यांचा चिकट गोळा.

आणि मग पाणी, खाली उभ्या पोराच्या डोक्यावर.