बहादूर

श्रोतेहो, नमस्कार.

दरवर्षी २५ एप्रिलला, फटफटायच्या आत, ऑस्ट्रेलियात गावोगावी माणसं स्मारकांपाशी येऊन उभी राहतात. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली याच पहाटे त्यांचं सैन्य तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरलं होतं. त्यातल्या एका शिपायाबद्दल आज बोलायचंय. त्याच्या हाती गाढवाचं दावं असे.

जॉन सिम्प्सन कर्कपॅट्रिक. जन्म १८९२चा, इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सचा. लहानपणी तिथल्या किनाऱ्यावर पोरांना गाढवावरून फिरवायचा. पुढे बोटीवर लागला आणि १९१० मध्ये ऑस्ट्रेलियात बोट सोडून पळाला. ऊसतोड, कोळशाची खाण, मिळेल ते काम केलं. आईला पैसे मात्र पाठवत राहिला. युद्ध पेटल्यावर भरती होताना त्यानं कर्कपॅट्रिक हे आडनाव गाळलं. पळून आलेला होता ना! नुसता जॉन सिम्प्सन झाला. काम मिळालं जखमींना उचलून आणायचं.

गॅलिपोलीत खंदक वर कड्याला चिकटून, दवाखाना खाली किनाऱ्यावर, आणि मधल्या घळीत सतत गोळीबार. तिथे सिम्प्सनला एक गाढव मिळालं. त्याच्या कपाळावर त्यानं रेडक्रॉसची पट्टी बांधली. वर जाताना पाणी न्यायचं, येताना पायाला गोळी लागलेला एखादा जवान. जखमीच्या कमरेभोवती हात टाकून हा शेजारून चालायचा.

राहायचा मात्र आपल्याकडच्या माणसांत. हिंदुस्थानी फौजेची कोहाट माउंटन बॅटरी खेचरांवर तोफा लादून तिथे लढत होती. तिच्या तळावर गाढवालाही वैरण मिळे. ते जवान सिम्प्सनला ‘बहादूर’ म्हणत. त्यानं किती जीव वाचवले, त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक का नाही, यावर ऑस्ट्रेलियात पुढे कितीतरी वर्षं वाद चालला. मला त्या हाकेचं मोल जास्त वाटतं. हाक मारणारे त्याच गोळ्यांखाली जनावरं हाकत होते. बहादूर कुणाला म्हणायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

१९ मेच्या पहाटे तुर्कांनी मोठा हल्ला चढवला. त्या सकाळी सिम्प्सन रोजच्यासारखा घळीत गेला आणि मशीनगनच्या माऱ्यात पडला. वय २२. गॅलिपोलीत उतरून जेमतेम साडेतीन आठवडे झाले होते.

किनाऱ्यालगतच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. तिच्या दगडावर त्यानं गाळलेलं कर्कपॅट्रिक हे आडनाव पुन्हा कोरलेलं आहे.