दुधाच्या हिशेबाशेजारी हजेरी

(जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांसमोर एका कामगार-वकिलाने केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

बहिणींनो, भावांनो,

पहिली पाळी संपवून, घरी न जाता तुम्ही थेट इथे आलात. म्हणून प्रास्ताविक बाजूला ठेवतो.

माझ्याकडे येणारा माणूस खुर्चीत नीट बसायच्या आत एक वाक्य बोलतो. "भाऊ, मन्हाजोडे ते एक बी कागद नही शे." दाळमिलचा हमाल असो, चटईच्या कारखान्यातला ऑपरेटर असो, जिनिंगमधली बाई असो की पाइपच्या कंपनीत ठेकेदाराकडून लागलेला पोरगा, वाक्य तेच. आपल्याला हक्क नाहीत असं नाही. ते सिद्ध करायला हातात काही नसतं, आणि जेव्हा असतं तेव्हा मुदत गेलेली असते. माझ्या डोळ्यांसमोर हरलेले बहुतेक कामगार या दोनच कारणांनी हरले.

कायद्यात 240 दिवसांना फार मोल आहे. बारा महिन्यांत 240 दिवस काम भरलं की ते वर्षभराचं सलग काम धरतात. मग मालकाला "उद्यापासून येऊ नको" म्हणून मोकळं होता येत नाही. कामगारकपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा त्या महिन्याचा पगार, शिवाय प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. पगारी रविवार आणि सुट्ट्या या 240 मध्ये धरायच्या, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच सांगितलं आहे. पण त्याच न्यायालयाने 2002 मध्ये दुसरी गोष्टही सांगितली. 240 दिवस भरले हे कामगारानेच सिद्ध करायचं, आणि त्याला नुसतं स्वतःचं शपथपत्र पुरत नाही. मस्टर म्हणजे हजेरीपट मालकाच्या कपाटात, पगारपत्रक मालकाच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि पुरावा द्यायचा आपण! मला हे आजही कडू वाटतं. पण ते तसं आहे, हे धरूनच चालावं लागतं.

एक केस सांगतो. नाव-गाव सांगणार नाही. एका कारखान्यातल्या मशीनवरच्या माणसाला सात वर्षांनी काढलं. कंपनीचं म्हणणं, हा अधूनमधून येणारा, वर्षाला दीडशे दिवससुद्धा भरत नाहीत. त्याच्याकडे नेमणूकपत्र नाही, पगार रोख, ओळखपत्र गेटवरच काढून घेतलेलं. मी जवळजवळ नाही म्हणणार होतो. तेवढ्यात त्याच्या बायकोने पिशवीतून जुनी कॅलेंडरं काढली, भिंतीवर लावतो ती, तीन वर्षांची. प्रत्येक चौकोनात वर दुधाचा हिशेब, एक लिटर, दीड लिटर. आणि खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात "प", "दु", "रा". पहिली, दुसरी, रात्र. काही चौकोनांत "ओटी 4", म्हणजे चार तास ओव्हरटाइम. जिथे रजा, तिथे फुली.

उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी तिला विचारलं, हे आत्ता बसून लिहिलं नाही कशावरून? ती म्हणाली, "साहेब, रात्रपाळी असली की डबा सातला लागतो, पहिली असली की पहाटे चारला उठावं लागतं. मी माझ्या उठण्यासाठी लिहायची." आम्ही अर्ज देऊन त्याच तीन वर्षांचं मस्टर आणि पगाराची नोंदवही हजर करायची मागणी केली. कंपनीने शेवटपर्यंत हजर केली नाही. मालकाकडे असलेला कागद तो दडवत असेल, तर तो त्याच्याविरुद्ध जाणारा असावा असं न्यायालय धरू शकतं. तसंच झालं. पेन्सिलीच्या त्या अक्षरांना वजन आलं आणि माणसाला भरपाई मिळाली.

म्हणून आजपासून हजेरी लिहा. वहीत लिहा, कॅलेंडरवर लिहा. सुपरवायझरचा "उद्या रात्रपाळीला ये" हा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुसू नका. बँकेचं पासबुक भरून घ्या. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे तुमच्या नावाचा कायमचा नंबर, पाठ करा आणि पैसे खरोखर भरले जातात का, ते मोबाइलवर बघत राहा. पगारातून कापून घेतले आणि भरले नाहीत, असं कितीतरी ठिकाणी सापडतं.

आता नवीन काय झालं ते. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि केंद्राचे 29 जुने कायदे त्यात गेले. त्यातल्या सगळ्याच गोष्टी मला पटलेल्या नाहीत. तीनशेच्या आत कामगार असतील तर कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागत नाही. पूर्वी ही मर्यादा शंभराची होती, आणि आपल्या भागातले बरेच कारखाने या मधल्या पट्ट्यातलेच. पण कामाच्या गोष्टीही आहेत. नेमणूकपत्र आता द्यावंच लागतं. नोकरी गेली किंवा सोडली तर राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत मिळायला हवा, "फुल अँड फायनल दोन महिन्यांनी बघू" हे चालत नाही. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्याला एका वर्षावर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना केलेल्या वर्षांबद्दलची एकरकमी रक्कम, मिळते, कायम कामगाराला पाच वर्षं लागतात. हिशेब सोपा आहे: शेवटचा पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. 13,000 पगार आणि 15 वर्षं नोकरी असेल तर 1,12,500 रुपये. जिनिंगसारख्या हंगामी कामालाही ग्रॅच्युइटी आहे, दर हंगामाला सात दिवसांच्या पगाराइतकी. हे जिनिंगमधल्या बायांना कुणी सांगतच नाही.

ठेकेदार पगार बुडवून पळाला तर मूळ कंपनी जबाबदार असते. "तू आमचा माणूसच नाहीस" हे उत्तर पगारापुरतं तरी लागू पडत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सही. केबिनमध्ये बोलावतात, दार लावतात, "राजीनामा लिहून दे, नाहीतर चोरीची केस टाकतो" म्हणतात. त्या दहा मिनिटांत माणूस सात वर्षं लिहून देतो. सही करू नका. "घरी विचारून सांगतो" म्हणा आणि बाहेर या. सही झालीच असेल, तर त्याच दिवशी कंपनीला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, की हा राजीनामा दबाव टाकून घेतला आहे आणि मी कामावर यायला तयार आहे. पावती जपून ठेवा. महिन्याभराने पाठवलेल्या पत्राला तेवढी किंमत राहत नाही. निलंबित केलं तर पहिले 90 दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो. चौकशीला हजर राहा, रागाने गैरहजर राहू नका, नाहीतर एकतर्फी निकाल लागतो.

बायांसाठी वेगळं सांगतो. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाची तक्रार घेणारी अंतर्गत समिती असायलाच हवी, 2013 चा कायदा आहे. समिती नसेल, किंवा खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. मुदत तीन महिने. सबळ कारण असेल तर आणखी तीन. बाळंतपणाच्या रजेवर असताना काढून टाकणं बेकायदा आहे.

बडतर्फीची तक्रार घेऊन आधी सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायचं असतं. तिथे समेट करायचा प्रयत्न होतो, नाही जमला तर पुढे न्यायाधिकरण. जुन्या कायद्यात यासाठी तीन वर्षं होती, नव्या संहितेत दोनच. बुडालेल्या पगाराच्या दाव्याला मात्र तीन वर्षं आहेत. आणि वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नका. 1987 च्या कायद्याने औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, बाईलाही मिळतो, दोघांचंही उत्पन्न न बघता. 15100 हा फोन नंबर लिहून घ्या.

मी अजून तासभर इथे आहे. ज्यांनी कागद आणलेत त्यांनी पुढच्या रांगेत बसा. ज्यांनी नाही आणले त्यांनीही थांबा, घरी भिंतीवर काय टांगलंय ते मला सांगा.