ओठावरचा फोड, बुबुळावरची फांदी

नमस्कार श्रोतेहो.

सोलापुरात एप्रिल-मेच्या झळा सुरू झाल्या की दवाखान्यात लाल डोळ्यांची रांग लागते. बहुतेकांना वाटतं, डोळे आलेत. मेडिकलमधून ड्रॉप आणून घालूनही झालेला असतो. पण एकच डोळा लाल, उजेड सोसत नाही, नजर धूसर, असं असलं की मी डोळ्याला केशरी औषधाची पट्टी टेकवते आणि निळ्या उजेडात बघते. बुबुळावर हिरवी चमकणारी, टोकांना गाठी असलेली बारीक फांदी दिसली, की समजायचं, हर्पीस.

ओठाच्या कडेला तापाचे फोड आणणारा हाच विषाणू. तो बहुधा लहानपणीच अंगात शिरतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो. ताप, ताण, कडक ऊन, पुन्हा जागं व्हायला त्याला काहीही निमित्त पुरतं.

१९६२ साली अमेरिकेत डोळ्यांचे डॉक्टर कॉफमन यांनी या आजारावर आयडॉक्सयुरिडिन वापरलं. विषाणूवरचं हे पहिलं यशस्वी औषध, आणि तेही डोळ्यासाठी! पुढे आलं असायक्लोव्हिर. ते घडवणाऱ्या चमूच्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. आपल्या यंत्रमागाच्या गावात सांगायचं तर हा खोटा धागा आहे: विषाणू आपली नक्कल विणताना तो ओढून घेतो, आणि पुढचा धागा त्याला जोडताच येत नाही. मात्र दडून बसलेल्या विषाणूला याने धक्का लागत नाही, आणि काही विषाणू या औषधाला दाद देईनासे होतात.

म्हणून शिकागोत दीपक शुक्ला यांच्या प्रयोगशाळेने दुसरी वाट धरली. पेशीच्या अंगावर हेपरान सल्फेट नावाची साखरेची साखळी असते. विषाणू आधी तिलाच चिकटतो. तिथेच अडवणारे कृत्रिम पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, त्यांनी तपासले. २०१८ मध्ये त्यांच्याच प्रयोगात बीएक्स-७९५ या वेगळ्या संयुगाने उंदरांच्या डोळ्यांतला संसर्ग आटोक्यात आणला. ते विषाणूला पेशीच्या यंत्रणेकडून प्रथिनं बनवून घेऊ देत नाही. पण तुमच्या-आमच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

मेडिकलमध्ये सहज मिळतं ते स्टेरॉइड. घातलं की लाली उतरते, माणूस खूश. आणि तिकडे ती फांदी पसरून नकाशासारखी जखम होते, मग बुबुळावर फूल पडतं. बाटलीवर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलं असेल, तर डॉक्टरांनी डोळा तपासल्याशिवाय थेंब टाकू नका. दवाखान्यात येताना मात्र ती बाटली सोबत आणा, म्हणजे आतापर्यंत डोळ्यात काय गेलंय ते आम्हाला कळतं.