पावसानं नेलेले दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस धरला की रात्री दहाच्या सुमारास आमच्याकडे घराघरांत एकच प्रश्न असतो. उद्या शाळा आहे का? पूर्वी त्याचं उत्तर आभाळाकडे बघून काढायचे, आता मोबाईलकडे बघून काढतात. रेड अलर्ट आला, पाठोपाठ जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आला, की पोरं उड्या मारतात आणि आया कपाळाला हात लावतात. माझ्यासारख्या निवृत्त मास्तराच्या डोक्यात मात्र दुसराच किडा वळवळतो. हा बुडालेला दिवस भरून कधी काढणार? आणि काढायचाच का?

आज त्यावरच बोलायचंय. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्ये कुकरची शिट्टी झाली तरी तुमचं काही चुकणार नाही. भरून जरूर काढा. पण त्याआधी एवढं बघा, की दिवस बुडाला तो कोणाचा बुडाला? कोणाचा बुडाला, हे आधी बघा.

कायदा काय म्हणतो ते पटकन सांगतो. 2009 चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, पहिली ते पाचवीला वर्षात 200 दिवस शाळा भरली पाहिजे आणि 800 तास शिकवणं झालं पाहिजे. सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास. म्हणजे दिवसही मोजायचे आणि तासही. आपण दिवसच मोजतो, कारण ते हजेरीपटावर दिसतात. तास दिसत नाहीत. बुडालेले दिवस मग कधी रविवारी, कधी शनिवारची शाळा दिवसभर करून, कधी दिवाळीच्या सुट्टीतून असे वसूल होतात. झाला कायदा.

आता मला जे सांगायचंय ते सांगतो.

1988 चा पावसाळा. माझी नोकरी नवी, वर्षसुद्धा पुरं झालं नव्हतं. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, शिक्षक दोन. एक हेडगुरुजी आणि एक मी. पटावर 41 मुलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून रेडिओ ऐकतात आणि लगेच मला फोन करतात. गावाच्या मधून एक पऱ्या वाहायचा. मे महिन्यात म्हैस बसायला जावी तर तिचं पोटसुद्धा भिजू नये, एवढंच पाणी. जुलैत तोच पऱ्या असा फुगायचा की पलीकडची वाडी म्हणजे परदेश. साकव होता, नाही असं नाही. दर वर्षी पावसाआधी गावानं तो बांधायचा आणि आषाढात पऱ्यानं तो न्यायचा, असा दोघांचा करारच होता. पक्का पूल हवा म्हणून किती अर्ज गेले! आता तिथे पूल आहे म्हणतात, सिमेंटचा, पण पुलांची कामं सगळी मार्च महिन्यातच का सुचतात, हे मला नोकरीभर कोणी सांगितलं नाही. असो.

तर त्या वर्षी पावसानं शाळेचे सहा दिवस नेले. तीन दिवस छपराची कौलं उडाली म्हणून आणि तीन दिवस गावच पाण्यात होतं म्हणून. हेडगुरुजी हिशेबाला पक्के. खडूचे तुकडेसुद्धा मोजून पेटीत ठेवणारा माणूस. सहा गेले तर सहा भरून निघाले पाहिजेत! तीन दिवस त्यांनी रविवारी शाळा घेऊन वसूल केले. उरले तीन. ते आणायचे कुठून? मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या ज्या सुट्ट्या असतात, त्या आम्ही दर वर्षी गणपतीच्या सुट्टीला जोडायचो. त्या वर्षी गुरुजींनी त्या काढून घेतल्या.

कोकणात गणपतीची सुट्टी कापणं म्हणजे काय, हे मी तुम्हांला सांगायला नको. घरात मुंबईचे काका आलेत, रात्रभर जाखडी चाललीय, आणि दारात उभा राहून नवा मास्तर सांगतोय, उद्यापासून शाळा. तो मास्तर म्हणजे मी. लोक मला बसा म्हणाले, हातावर करंजी ठेवली आणि शाळेबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

गौरी-गणपती गेले, दुसऱ्या दिवशी सकाळी मी घंटा दिली. पंधरा मिनिटं थांबून थांबून देत राहिलो. 41 पैकी आले चार. त्यातले दोन हेडगुरुजींचेच, त्यांना इलाज नव्हता. तिसरा दुकानदाराचा पोरगा, तो दुकानात बसावं लागू नये म्हणून आलेला. आणि चौथी पलीकडच्या वाडीतली एक मुलगी, तिसरीतली. डोक्यावर पोत्याची खोळ, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे आणि वेणीत गौरीतला उरलेला तेरडा.

गुरुजींचा पारा चढलेला. चार तर चार, म्हणाले, शाळा भरली! फळ्यावर गणित घातलं. बावन्न वजा सदतीस. हातच्याची वजाबाकी, जुलैत शिकवून झालेली. दुकानदाराच्या पोरानं उत्तर काढलं पंधरा. गुरुजींच्या थोरल्यानं काढलं पंधरा. धाकटा पहिलीत होता, त्यानं पाटीवर गणपती काढला. आणि या मुलीनं काढलं पंचवीस.

पंचवीस कसे आले, बघा हं. दोनातून सात जात नाहीत. मग तिनं काय केलं, सातातून दोन घालवले. पाच. पाचातून तीन गेले, दोन. पंचवीस. अक्षर मोत्यासारखं, आणि उत्तराखाली दोन रेघा.

गुरुजी म्हणाले, "अगं, हातचा कुठाय?"

ती म्हणाली, "हातचा म्हंजी काय, गुर्जी?"

मला वाटलं, आता छडी निघते. पण गुरुजी उठले, कपाट उघडलं आणि हजेरीपट काढून जुलैचं पान समोर धरलं. बोट तिच्या नावावरून सरकायला लागलं. मी शेजारी उभा. शाळा बंद होती त्या दिवसांवर उभी लाल रेघ, त्या सहा रेघा सगळ्यांनाच. पण त्याशिवाय हिच्या नावापुढे गैरहजेरीच्या चौदा खुणा. मग गुरुजींनी पलीकडच्या वाडीतली बाकीची नावं काढली. सात मुलं. कोणाचे बारा दिवस, कोणाचे चौदा. साकव वाहून गेला तिथपासून नवा बांधेपर्यंतचे दिवस.

त्या चौदा दिवसांत शाळा बंद नव्हती हो! शाळा रोज भरत होती. मी शिकवत होतो. हातचा मीच शिकवला होता, मोठ्या हौसेनं, काड्यांच्या जुड्या सोडून दाखवत. अलीकडच्यांना. आणि रोज त्या सात नावांपुढे गैरहजेरीची खूणसुद्धा मीच करत होतो, स्वच्छ अक्षरात.

म्हणजे जे सहा दिवस सगळ्यांचे बुडाले, ते आम्ही मोजले. त्यांच्यासाठी रविवार घातले, गणपती घातला. आणि जे चौदा दिवस फक्त सात जणांचे बुडाले, ते मोजायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. सहा दिवस सगळ्यांचे, चौदा दिवस सातांचे. कागदावर ते चौदा दिवस कामाचे दिवस म्हणून नोंदलेले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी शाळेला कुलूप घातलं. मला म्हणाले, गुंडाळफळा घ्या. नवा साकव बांधून झाला होता, पण भिजून बुळबुळीत. पुढे गुरुजी, धोतर खोचलेलं, हातात लांब दांड्याची काळी छत्री. (छत्री घ्यावी तर तीच. ही घडीची छत्री कोकणातल्या वाऱ्यात पहिल्या वळणावर उलटी होते आणि दुकानदार सांगतो, वॉरंटी नाही.) मागून मी, डोक्यावर फळा, हातात खडूची पेटी. साकवाच्या मधोमध माझा पाय सटकला. मी वाचलो. फळा वाचला. खडूची पेटी मात्र निघाली अरबी समुद्राकडे. गुरुजींनी मागे वळून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "सत्तावीस तुकडे होते."

त्या मुलीच्या घराच्या पडवीत सात मुलं बसली. मागे आज्या बसल्या. फळा भिंतीला टांगला, पण खडू कुठे होता? दोन दिवस तो कोराच लटकत होता. आजीनं गौरीसाठी आणलेली रांगोळी आणून दिली आणि गुरुजींनी सारवलेल्या जमिनीवर उकिडवं बसून, बोटांच्या चिमटीनं, बावन्न वजा सदतीस मांडलं. मी खराट्यातले हीर काढले, केळीच्या सोपटानं दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. पाच जुड्या आणि दोन सुटे. यातून सात द्यायचेत, सुटे तर दोनच. आता काय करायचं? कोणी बोलेना. मग त्या मुलीनंच एक जुडी उचलली, सोपट सोडलं, दहा हीर सुट्या दोनांत मिसळले आणि म्हणाली, "म्हंजी शेजारून उसनं आणायचं."

महिन्याभरानं तपासणीला एक साहेब आले. हजेरीपटावर दोन दिवस शाळा भरलेली आणि हजेरी सात. साहेब म्हणाले, "त्या दिवशी शाळेला कुलूप होतं म्हणतात." गुरुजी म्हणाले, "कुलूप इमारतीला होतं, साहेब." साहेबांनी शेरेबुकात शेरा मारला, तो मला अजून पाठ आहे. "शाळा इमारतीतच भरवावी."

दहा मिनिटांतली सात तर इथेच गेली. आता भराभर सांगतो.

बर्फाच्या देशांत हा प्रश्न दर हिवाळ्याला पडतो. माझी भाची न्यू जर्सीत एडिसनला असते. तिथे वर्षाला 180 दिवस शाळा भरवावीच लागते. म्हणून बर्फासाठी काही दिवस बहुतेक शाळा आधीच वेळापत्रकात धरून ठेवतात. बर्फ कमी पडला, तर ते दिवस सुट्टी म्हणून मुलांना परत. जास्त पडला, तर कुठली सुट्टी जाणार किंवा जूनमध्ये शाळा किती लांबणार, हे पालकांना आधीपासून ठाऊक. 2014-15 च्या हिवाळ्यात बॉस्टनला 110 इंच बर्फ पडला, नऊ फुटांच्या वर! तिथल्या शाळा जूनअखेरपर्यंत लांबल्या. कटकट झाली असणार, पण ऐन वेळी दारात मास्तर उभा राहिला नाही.

आता नीट ऐका, कारण हे माझ्या गोष्टीशी जुळतं. बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांचे आकडे घेऊन एका अर्थतज्ज्ञानं 2014 मध्ये अभ्यास मांडला. बर्फामुळे अख्खी शाळा बंद राहिली, तर मुलांच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. पण शाळा चालू असताना काही मुलं गैरहजर राहिली, तर त्यांच्या गुणांवर दिसला, आणि तो गणितात ठळक. पुन्हा सांगतो. सगळ्यांची बुडाली तर शिक्षक जिथे थांबला तिथून सगळ्यांना घेऊन पुढे जातो. थोड्यांची बुडाली तर वर्ग पुढे जातो आणि ते थोडे मागे राहतात. मेरीलँडमधल्या एका अभ्यासात जास्त बर्फाच्या वर्षी गुण घटलेलेही दिसलेत, म्हणजे वाद मिटलेला नाही. पण मी हे ऐकलं आणि मला ते पंचवीस आठवले.

सुट्टी जाहीर करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, बरं का. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलीमीटर पाऊस झाला. त्या रात्री मुंबईत कितीतरी मुलं शाळेतच अडकून राहिली आणि त्यांच्या आयांना पत्ता नव्हता. त्यापेक्षा कोरड्या दिवशी फुकट गेलेली सुट्टी परवडली. फक्त ती रात्री जाहीर करा, पोरगं दप्तर भिजवून शाळेच्या फाटकापर्यंत पोचल्यावर नको.

माझं म्हणणं एवढंच, की पावसाळ्यासाठी दोन-तीन दिवस जूनमध्येच धरून ठेवावेत आणि तारखा शाळेच्या फळ्यावर लिहून टाकाव्यात. त्यात गणपतीला हात लावू नये, शिमग्यालाही नको. आणि ते दिवस आले की हजेरीपट उघडून बघावं, शाळा चालू असताना कोण येऊ शकलं नाही. त्यांना आधी बसवावं. बाकीची उशिरा आली तरी चालतील. दिवस बुडाला तो कोणाचा बुडाला, हे बघायचं.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली ऑनलाइन असतं, सुट्टीचा प्रश्नच कुठे येतो? न्यूयॉर्क शहरानंही तसंच ठरवलं होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये बर्फाच्या दिवशी सगळ्यांना घरून शाळा लावली आणि सकाळी असंख्य मुलांचं लॉगिनच होईना. एवढं मोठं शहर! आमच्याकडे तर पाऊस आला की आधी वीज जाते, मग टॉवर जातो. परवा सुट्टीनंतर मी नातवाला विचारलं, "काय रे, शाळा बुडली त्या दिवशी अभ्यास काय दिला होता?"

म्हणाला, "आजोबा, पीडीएफ आली होती."

"मग उघडलीस का?"

"गोल गोल फिरत होती."

नमस्कार.